मास्तरांनी वाचलेला पत्ता

मास्तरांनी उभ्या आयुष्यात एकाही पोराला शिकवलं नव्हतं. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, आणि तेही एवढंसं, की गिऱ्हाईक आत आलं की मास्तरांनी उठून उभं राहायचं आणि गिऱ्हाइकाने त्यांच्या स्टुलावर बसायचं. तरी सगळे त्यांना मास्तर म्हणायचे, कारण चुका काढायची भारी खोड. भर लग्नात नवऱ्या मुलाच्या बापाला गाठून, पत्रिकेत वार आणि तारीख जुळत नाही हो, असं सांगणारा हा माणूस. बायको म्हणायची, ''अहो, तुम्हाला जन्माला घालताना देवाची काहीतरी चूक तुम्ही नक्कीच काढली असणार. म्हणून त्याने घाईघाईने खाली ढकललं.''

या काटेकोर माणसाकडे प्रार्थनाघरातलं एक काम तेवीस वर्षं होतं. आठवड्याच्या प्रार्थनेत, सगळं संपता संपता, अडचणीतल्या माणसांची यादी वाचली जायची. कोण आजारी, कुणाचं घर जळलं, कुणाचा मुलगा तुरुंगात. लोक डोळे मिटून ऐकायचे आणि एकेका नावापाशी थोडा वेळ गप्प बसायचे. ही यादी मास्तर लिहायचे आणि मास्तरच वाचायचे. आवाज खणखणीत. शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्या आजोबांनाही नाव कळायचं. वाचून झालं की कागद घरी नेऊन फाइलला लावायचा. एकही कागद हरवलेला नाही, हे ते कुणीही न विचारता सांगायचे.

त्यांच्या यादीत नुसतं नाव नसायचं. गल्ली, मजला, दार, सगळं असायचं. त्याला कारण होतं, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. मास्तरांची थोरली बहीण तापाने आठ दिवस एकटी पडून होती. मास्तर तेव्हा कामासाठी परगावी. त्या वेळचे यादी वाचणारे गृहस्थ मोठे सभ्य, नाव घेतलं तर बाईला लाज वाटेल म्हणून त्यांनी वाचलं, ''एका आजारी भगिनीसाठी.'' शंभर माणसांनी डोळे मिटले, शंभर माणसांनी उघडले आणि आपापल्या घरी गेली. तिच्या दारात कुणीही गेलं नाही. नवव्या दिवशी दार फोडावं लागलं. तेव्हापासून मास्तरांनी यादी स्वतःकडे घेतली आणि कुणी कुरकुर केली की म्हणायचे, ''देवाला सगळं ठाऊक असतं हो. पण डबा घेऊन जिना देव चढत नाही, माणसं चढतात. त्यांना मजला सांगायला नको?'' आणि खरोखरच माणसं चढायची. कितीतरी घरांत त्या पत्त्यांमुळे चूल पेटली, हे कबूल केलंच पाहिजे.

त्या वर्षी थंडी संपताना गुरुजींकडे एक शिवणवाली आली. गुरुजी म्हणजे प्रार्थनाघराचे धर्मगुरू, वयाने तिशीतले, हडकुळे, आणि एका वेळी चार कामं अंगावर घेऊन चारही अर्धवट ठेवणारे. बाईच्या मानेवर इस्त्रीचा डाग होता. नवऱ्याने दिलेला. सोबत नऊ वर्षांची मुलगी. पोलिसांत तक्रार झाली होती, नवरा पकडला गेला होता आणि जामिनावर सुटूनही आला होता. बाईला एवढंच हवं होतं, की तो शोधून काढणार नाही अशी एक खोली. गुरुजींनी ती मिळवून दिली, बेकरीच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. बेकरीवाली बाई त्यांच्या विश्वासातली. खोलीत मात्र चार भिंती आणि एक नळ, बाकी काही नाही.

गुरुजींनी मास्तरांना चिठ्ठी दिली. शिवणवाली ताई आणि मुलगी, बेकरीच्या वर, दुसरा मजला, खाट, भांडी, पडदे हवेत. ''काही जमवता आलं तर बघा,'' असं म्हणाले आणि कुणाच्या तरी अंत्यविधीला पळाले. दोन-तीन भरवशाच्या घरांत हळूच विचारावं, असं त्यांच्या मनात होतं. मनातच राहिलं. आणि मास्तरांनी तेवीस वर्षं जे केलं तेच केलं. यादीत पाचव्या नंबरवर, स्वच्छ अक्षरात, मजल्यासकट.

त्यांनी वाचलं तेव्हा गुरुजींचे डोळे खाडकन उघडले. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. पण मास्तर कागदात, आणि लोक डोळे मिटून. थांबवावं तर सगळ्यांचं लक्ष आणखीच जाईल. मग गुरुजींनी स्वतःची समजूत घातली, की जाऊ दे, सगळी आपलीच माणसं आहेत. हे त्यांनी पुढे स्वतःच्या तोंडाने सांगितलं, म्हणून आपल्याला माहीत.

आणि माणसं जिना चढली! दुसऱ्या दिवशी खाट आली. मग भांडी, पडदे, पोरीला दप्तर, दोन गाद्या, एक जुनं पण चालतं शिवणयंत्र. मास्तर स्वतः टेबलावरचा दिवा घेऊन गेले, शिवताना डोळ्यांवर ताण नको म्हणून. दार वाजवलं. आतून ''कोण?'' मग साखळी, मग फटीतून एक डोळा, मग पुन्हा ''कोण? कुठून आलात?'' मास्तरांना हसू आलं. ते म्हणाले, ''अहो ताई, इतकं विचारत काय बसता? प्रार्थनाघरातून आलोय. आता इथे येतंय ते आपलंच माणूस.'' बाई ओशाळली. दार उघडलं. पोरीने दिव्याचं बटण सात-आठ वेळा चालू-बंद केलं आणि मास्तर खुशीत घरी आले. बायकोला म्हणाले, ''बघ, पत्ता वाचला की कसं होतं ते.''

चौथ्या दिवशी भर दुपारी बेकरीवाली बाई दुकानात शिरली. हात पिठाने माखलेले, पायात चप्पल नाही. मास्तर चष्म्याच्या एका काडीचा स्क्रू बसवत होते. ती म्हणाली, ''मास्तर, तो आला होता. तिचा हात...'' इतकुसा तो स्क्रू खाली पडला, आणि कारण नसताना ते वाकून तोच शोधत राहिले.

झालं होतं ते असं. दार वाजलं. बाईने आतून विचारलं, तर बाहेरून अगदी नरम आवाजात उत्तर आलं, ''प्रार्थनाघरातून आलोय, ताई. टेबल आणलंय.'' आवाज दाबून काढलेला, तिला ओळखू आला नाही. तीन दिवस हेच चाललेलं. तिने साखळी काढली. पोरगी त्याच्या बगलेखालून निसटली आणि खाली बेकरीत पिठाच्या पोत्यांमागे लपली. लोक वर पोचेपर्यंत त्याने बाईचा उजवा हात शिवणयंत्राखाली धरून यंत्र वरून दोनदा आपटलं होतं. पोलिसांनी त्याला जिन्यातच धरलं. पण चार बोटं गेली होती. म्हणजे जाग्यावर होती, पण पुन्हा सुई धरणार नव्हती.

गुरुजी इस्पितळात गेले आणि सवयीने प्रार्थना म्हणायला लागले. बाईने तोंड भिंतीकडे फिरवलं. मग त्यांनी प्रार्थना सोडली आणि कागद हातात घेतले: इस्पितळाचा फॉर्म, पोलिसांचा जबाब, पोरीच्या शाळेचा अर्ज. रोज जायचे, विचारायचे, ''आज काय भरायचंय?'' भरून झालं की निघायचे. माफ कर, विसरून जा, यातलं एक अक्षर त्यांनी तोंडातून काढलं नाही. तसं सांगणारे कमी नव्हते. सफरचंदं घेऊन यायचे आणि जाताना, मनात राग ठेवू नकोस हो बाई, म्हणून जायचे. शेवटी गुरुजींनी वॉर्डच्या दारात खुर्ची टाकली. कुणी आलं की आधी आत विचारायचे, आणि ती नाही म्हणाली की सफरचंदांसकट परत पाठवायचे. लोक रागावले. गुरुजी म्हणाले, ''रागवा.''

ती खोलीवर परतली तेव्हा बेकरीवालीने नवा नियम घातला. कुणी दार वाजवायचं नाही. खाली रस्त्यावरून हाक मारायची, आपण कोण ते सांगायचं, आणि पोरगी खिडकीतून बघून हो म्हणेपर्यंत तिथेच उभं राहायचं, पाऊस असो की ऊन. मास्तर त्या रस्त्याने जाणंच टाळू लागले.

त्याला पत्ता कुणी दिला, हे मास्तरांना पंधरा दिवसांनी कळलं. तिसऱ्या रांगेत बसणारी एक मावशी दुकानात आली, चष्म्याची काडी सैल झाली म्हणून. स्वभावाने गरीब बाई, त्या नवऱ्याची सख्खी मावशी. मास्तर काडी आवळत होते आणि ती एकदम रडायला लागली. ''मीच सांगितलं हो त्याला. तुम्ही वाचलंत ना, ते. म्हटलं जा, पाया पड, दोघींना घेऊन ये, घर मोडू नये. मला काय माहीत तो असं करेल?'' मास्तरांनी चष्मा पुसून तिच्या हातात दिला.

मग कोर्टाचं सुरू झालं. नवऱ्याच्या वकिलाने मांडलं, की बाईनेच पत्ता देऊन बोलावून घेतलं. समेट करायचा होता, बोलणं विस्कटलं, झटापटीत यंत्र टेबलावरून पडलं. पत्ता तर कुणालाच माहीत नव्हता, असं तिनेच आधीच्या जबाबात लिहून दिलंय, मग याला कसा कळला? सांगा! बाई नाही नाही म्हणत राहिली. कारण तिला खरंच माहीत नव्हतं. यादी वाचली तेव्हा ती प्रार्थनाघरात नव्हती. माणसं सामान घेऊन यायची ती गुरुजींनी पाठवलेली, अशी तिची समजूत. आणि मावशीने सांगून टाकलं होतं, की मी कोर्टात यायची नाही, आणि आणलंत तर काही आठवत नाही म्हणेन.

आता उरला तो मास्तरांच्या फाइलमधला कागद, आणि मास्तर.

प्रार्थनाघराचे अध्यक्ष संध्याकाळी घरी आले. चांगला माणूस, उगाच वाईट म्हणू नये. इमारतीच्या छपरासाठी वर्षभर दारोदार हिंडलेला. चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, ''मास्तर, त्या आठवड्याचा कागद तुमच्याकडे असेल.''

''आहे ना. माझ्याकडचा कागद हरवत नाही,'' मास्तर सवयीने बोलून गेले.

''हरवू दे की एखादा,'' अध्यक्ष म्हणाले. ''तुमचं नाव निघेल, गुरुजींचं निघेल, उद्या लोक म्हणतील, यांच्या प्रार्थनाघरात जाऊन बायका मार खातात. आधार मागायला कोण येईल आपल्याकडे? आणि तुमच्या मनात का काही वाईट होतं? मग कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेता?''

ते गेल्यावर बायको म्हणाली, ''बरोबर बोलले ते. एवढ्या दिवसांत तुमचं तोंड बघा कसं झालंय. त्यात आता भर कोर्टात उभे राहणार आणि लोक दुकानात बोट दाखवायला येणार.'' मास्तरांनी फाइल काढली, कागद पाहिला, परत लावला. खरं सांगायचं तर त्यांना अध्यक्षांचं म्हणणं पटावं असं फार वाटत होतं. आयुष्यभर दुसऱ्याच्या चुका काढलेल्या माणसाला स्वतःची चूक चारचौघांत सांगायची म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. त्या आठवड्यात त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याच्या काचा उलट्या बसवल्या, डावी उजवीकडे. असं कधी झालं नव्हतं.

शेवटी ते गुरुजींकडे गेले आणि म्हणाले, ''मी आधी तिच्याकडे जातो. पाया पडतो, माफी मागतो. ती म्हणेल तसं करतो.''

गुरुजी म्हणाले, ''नका जाऊ.''

''का?''

''मास्तर, मीही हेच करायला निघालो होतो. चिठ्ठी माझी, ऐकून गप्प बसलो तो मी. जिन्यापर्यंत गेलो आणि लक्षात आलं, की मला मोकळं व्हायचंय म्हणून चाललोय. तिच्या गळ्यात आपलं रडं कशाला घालायचं? तिची बोटं चालत नाहीत, पोरगी झोपत नाही, त्यात आता तुमची-माझी समजूत काढायची का तिने? मी सरकारी वकिलांना सगळं लिहून दिलंय. मी चिठ्ठी दिली, इतकं मी सांगू शकतो. शंभर माणसांसमोर वाचलं कुणी, काय वाचलं, ते तुम्हीच सांगू शकता. तिला सध्या तेवढंच कामाचं आहे.''

मास्तरांना राग आला. आपल्यापेक्षा तीस वर्षांनी लहान पोराने आपल्याला शिकवावं! पण घरी येईपर्यंत तो राग टिकला नाही, आणि घरी येऊन त्यांनी फाइलमधून तो कागद काढला.

साक्षीच्या दिवशी त्यांनी धुवट सदरा घातला होता. कोर्टाची खोली साधीच, वर पंखा, खाली घासून पांढरी पडलेली फरशी. बाई पुढच्या बाकावर, हात कापडात गुंडाळून मांडीवर. शेजारी बेकरीवाली. मागे प्रार्थनाघरातली सहा-सात माणसं. अध्यक्ष नव्हते. मास्तरांनी कागद दिला. सरकारी वकिलांनी वाचायला सांगितलं, तेव्हा तो खणखणीत आवाज कुठल्या कुठे गेला. न्यायाधीशांना दोनदा म्हणावं लागलं, मोठ्याने वाचा.

नवऱ्याच्या वकिलाने विचारलं, ''म्हणजे हा पत्ता तुम्हीच जाहीर केलात?''

''हो.''

''किती लोकांसमोर?''

''शंभर-सव्वाशे.''

''आरोपीच्या घरचं कुणी होतं त्यात?''

''त्याची मावशी होती. तिसऱ्या रांगेत. तिनेच त्याला सांगितलं. मला दुकानात येऊन तसं बोलली.''

वकील चिडला. म्हणाला, ''ऐकीव गोष्टी सोडा. तुम्ही स्वतः त्या बाईला, दार उघडताना विचारू नका, असंही सांगितलं होतं का हो? की तेही दुसऱ्या कुणी?'' त्याने नुसता चिमटा काढला होता. त्याला त्यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि मास्तर नाही म्हणाले असते तर तो विषय तिथेच मिटला असता.

मास्तर म्हणाले, ''मीच सांगितलं होतं. ती विचारत होती, कोण, कुठून. मी हसलो तिला. म्हटलं, इतकं काय विचारता, प्रार्थनाघरातून येणारं आपलंच माणूस. चौथ्या दिवशी तो हेच बोलून आत गेला.''

पुढच्या बाकावरच्या बाईने मान वर करून पहिल्यांदाच त्यांच्याकडे पाहिलं.

साक्ष संपली. बाहेरच्या व्हरांड्यात मास्तर भिंतीला धरून उभे होते. जायचं नाही, बोलायचं नाही, असं ठरवलेलं. पण बाईच त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली, बेकरीवाली चार पावलं मागे. मास्तरांच्या तोंडून निघालंच, ''ताई, माफ...''

''नको,'' ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, नुसता थकलेला. ''ते नका मागू. सगळे माझ्याकडे तेच मागायला येतात. त्याची मावशी, तुमचे अध्यक्ष, त्या सफरचंदवाल्या बायका. त्याला माफ कर, झालं ते विसर. मला कुणी विचारत नाही की भाजी चिरायला कोण येतं. तुम्ही आज खरं बोललात. ते मी ऐकलं. मला वाटायचं मीच वेडी, दार उघडलं म्हणून. आता कळलं का उघडलं ते. पण माझी पोरगी अजून रात्री दाराला खाट लावून झोपते, मास्तर. कुठेही दार वाजलं, शाळेत वाजलं, तरी तिचे कपडे ओले होतात. नऊ वर्षांची आहे. मुली हसतात तिला. खरं बोललात म्हणून ते थांबत नाही.''

मास्तरांना वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. त्यांनी नुसती मान हलवली.

ती वळली, मग थांबली. ''पुढच्या तारखेला, बावीसला, येणार का?''

''तुम्ही म्हणाल तसं.''

''या. त्याच्याकडची वीस-वीस माणसं येऊन बसतात. माझ्या बाजूचा बाक रिकामा दिसतो. मागे बसा. माझ्याशी बोलायचं नाही, पोरीशी तर नाहीच. नुसतं बसा.''

घरी आले तेव्हा बायकोने ताट वाढून ठेवलं होतं. ती समोर बसली. इतके दिवस विरोधात बोललेली बाई, पण त्यांचं तोंड बघून तिचाही आवाज उतरला.

''बोलली का ती?''

''बोलली.''

''माफ केलं?''

''नाही.''

''मग? काय म्हणाली?''

''बावीस तारखेला या म्हणाली,'' मास्तर म्हणाले, आणि घास तोंडाशी नेता नेता त्यांना असं रडू फुटलं, की बायकोला ताट बाजूला सारावं लागलं.